लकव्यानंतर घरी काय करायचं : मेसवालीची सहा आठवड्यांची वही

दवाखान्यातून सुट्टी होते तेव्हा हातात फाईल मिळते. गोळ्यांची यादी, पुढच्या तपासणीची तारीख आणि शेवटी एक ओळ, 'फिजिओथेरपी चालू ठेवा.' सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घरी काय करायचं, ते त्या फाईलमध्ये कुठंच नसतं. फिजिओवाली ताई आठवड्यातून दोन-तीनदा येते, पाऊण तास थांबते, जाते. उरलेला आठवडा तुमचा. हे सगळं त्या उरलेल्या आठवड्यासाठी लिहून राहिली आहे.

नागपूरला मानेवाडा रोडला माझी डब्यांची मेस आहे. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली आणि डावा हात, डावा पाय दोन्ही गेले. पाय बराच परत आला, हात अर्धामुर्धा आला, मेस सुरू आहे. आता आमच्या भागात लकवा होऊन गेलेल्यांचा एक गट चालतो, तो मी आणि आणखी एक जण मिळून चालवतो. मी डॉक्टर नाही. गोळ्यांबद्दल मी फक्त 'डॉक्टरांना विचारा' एवढंच सांगीन.

आधी वही

शंभर पानी साधी वही घ्या. दर रविवारी तिच्यात पुढच्या आठवड्याचं एकच काम लिहा. काय करणार, किती, केव्हा आणि आठवड्यातून कितीदा, हे चारही त्यात आलं पाहिजे. 'हात बरा करीन' हे काम नव्हे, तो नवस झाला. 'सोमवार, बुधवार, शुक्रवार, नाश्ता झाल्यावर, डाव्या हाताने सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, अर्धी जुडी निवडीन' हे काम.

लिहून झालं की स्वतःला विचारा, हे होईलच याची मला किती खात्री आहे? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे अगदी नक्की. उत्तर सातच्या खाली आलं तर काम लहान करा. जोर लावून आकडा वाढवू नका. आमच्या गटात ऑटो चालवणारे एक काका आहेत. त्यांनी लिहिलं, 'रोज एकटा चौकातल्या टपरीवर जाऊन चहा पिऊन येईन.' आकडा सांगितला चार. का? पाय थकेल म्हणून नाही, रस्ता ओलांडायचा धाक होता. उभा जन्म त्याच रस्त्यावर ऑटो चालवली, पण पायी ओलांडायची हिंमत होईना. मग काम बदललं : 'गेटपर्यंत एकटा, पुढे नातू सोबत, आठवड्यातून तीनदा.' आकडा आला आठ. पुढच्या आठवड्यात नातू दहा पावलं मागे. मग टपरीवाल्याला सांगून ठेवलं आणि नातू घरी.

काम कोणतं ते तुम्हीच ठरवायचं. पोराने सुचवावं, सुनेने सुचवावं, पण वहीत ओळ तुमची. उजवा हात गेला असेल तर डाव्याने वाकडंतिकडं लिहा, नाहीतर सांगा आणि दुसऱ्याकडून लिहून घ्या.

ही पद्धत माझ्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट आजाराच्या लोकांसाठी असा कार्यक्रम बसवला. सहा आठवडे, आठवड्यातून एक बैठक, अडीच तासांची. चालवणारे दोघं, आणि त्यातल्या निदान एकाला स्वतःला तसा आजार असलेला. त्याच्या मुळाशी अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली मांडलेली गोष्ट आहे : हे मला जमेल असं वाटणं आधी यावं लागतं, आणि ते उपदेशाने फार येत नाही. स्वतः काही करून दाखवलं की येतं, किंवा आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना पाहिलं की येतं. लकव्याच्या लोकांसाठी झालेल्या अशा कार्यक्रमांचे अभ्यास कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये एकत्र तपासले आणि घरी राहणाऱ्यांना त्याचा फायदा होऊ शकतो असं म्हटलं. 'होऊ शकतो', एवढंच. चमत्कार कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे तेलाची बाटली विकायला असते.

उलट बाजूचीही गोष्ट सांगते, कारण ती आपल्या देशातली आहे. 14 भारतीय रुग्णालयांतल्या 1250 रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, 2017 मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला. त्यात घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं होतं. सहा महिन्यांनी बघितलं तर ज्यांच्या घरच्यांना असं काही शिकवलं नव्हतं त्यांच्यात आणि यांच्यात फरक नव्हता. त्याचा अर्थ काय लावायचा ते शास्त्रज्ञ जाणोत. माझा अंदाज असा की घरच्यांनी करून घेतलेला व्यायाम आणि माणसाने स्वतः हातात घेतलेलं काम, यात अंतर आहे. हा अंदाज माझा, त्यांचा नाही.

हाताला काम द्या, व्यायाम नको

चेंडू दाबणं मला कंटाळवाणं वाटायचं. स्वयंपाकघरात तेच शंभरदा होतं आणि वर पोळी मिळते.

कणीक मळायची तर परातीखाली ओलं फडकं घाला, म्हणजे परात फिरणार नाही. आधी धडक्या, म्हणजे चांगल्या, हाताने पीठ गोळा करून घ्या. मग अधू हात कणकेवर उघडा ठेवायचा. बोटं वळून मूठ झाली असेल तर ओढू नका. मनगट हळूच आत वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात, मग अंगठा बाहेर काढा आणि एकेक बोट सरळ करा. त्याच्यावर धडका पंजा ठेवून कोपर सरळ होईल असं पुढे दाबायचं, श्वास न कोंडता. एक गोष्ट बघायची, खांदा कानाकडे उचलला जातो का? उचलला तर हात काम करत नाही, मान करते. थांबा, खांदा सोडा, पुन्हा. पहिल्या दिवसांत कणीक कमी आणि माझ्या बांगड्यांत पीठ जास्त जायचं. बांगड्या काढून ठेवल्या.

सांभार निवडणं बोटांसाठी, लसूण सोलणं अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीसाठी. थंडीत मटाराच्या शेंगा. आणि आपल्या नागपूरकरांना देवाने दिलेलं साधन म्हणजे संत्रं. अधू हातात धरायचं, धडक्याने सोलायचं. जोर कमी पडला तर निसटतं, जास्त झाला तर रस कोपरापर्यंत. किती दाबायचं याचा अंदाज हाताला परत शिकवायला यापेक्षा चांगलं मला तरी सापडलं नाही. जमायला लागलं की हात बदला.

कांदा-आलू चिरायला सुताराकडून लाकडी पाटावर दोन स्टीलचे खिळे खालून वर ठोकून घ्या, टोकं वर. आलू त्यावर खोचून बसवायचा आणि एका हाताने चिरायचा. काम झालं की खिळ्यांवर बुचाचं झाकण, घरात लेकरं असतात.

अधू हाताला गरम-थंड नीट कळत नसेल तर हे वाचूनच ठेवा : कढईचा कान, आंघोळीचं पाणी, चहाचा कप, सगळं आधी धडक्या हाताने तपासायचं. गॅसजवळ एकटं उभं राहायचं नाही, निदान तोल पक्का होईपर्यंत.

खांद्याबद्दल घरच्या सगळ्यांना ताकीद द्या. उठवताना अधू हात धरून ओढायचं नाही. लुळा पडलेला खांदा सांध्यातून खाली उतरतो, ओढला की दुखणं मागे लागतं आणि मग माणूस हात लावू देत नाही. धरायचं ते कंबरेला. बसल्यावर त्या हाताखाली उशी. भिंतीला कप्पी टांगून दोरीने हात वर खेचायची हौस काहींना असते, ती फिजिओला विचारल्याशिवाय नको.

बाकी छोट्या युक्त्या. ब्लाऊज, सदरा घालताना अधू हात आधी, काढताना धडका आधी. जिना चढताना धडका पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. काठी धडक्या हातात. संडास भारतीय असेल तर कमोडची खुर्ची घ्या आणि बाजूच्या भिंतीला दांडा बसवून घ्या. ओल्या फरशीवर पडून खुबा मोडला की वहीच मिटते.

'आई, तू बस बरं'

सून चांगली असली की हा त्रास जास्त. 'आई, तू बस बरं, मी करून राहिली ना.' मायेनेच म्हणते. पण मी बसून राहिले की हात शिकणार कसा?

आम्ही फ्रिजवर एक कागद लावला, तीन रकाने पाडून. पहिल्यात मी एकटी करीन ती कामं. दुसऱ्यात कोणी जवळ उभं असताना करीन ती. तिसऱ्यात सध्या नाहीच, म्हणजे माझ्या बाबतीत पायरीवरून डब्यांची पिशवी नेणं आणि उकळतं तेल. सगळ्यांसमोर बसून ठरवलं, पेन्सिलीने लिहिलं. महिन्याला एखादं काम एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचं. पहिल्या रकान्यातल्या कामाला कोणी हात लावायचा नाही, मी कितीही वेळ लावला तरी. सुनेने मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे आणि तरी अडलं तर विचारायचं, 'करू का?' न विचारता करायचं नाही.

बोलणं गेलेल्या माणसाचं तर फारच हाल होतात, कारण घरचे त्यांची वाक्यं पुरी करून टाकतात. हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा. पाणी, संडास, दुखतंय, टीव्ही बंद, अशी चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवा. टीव्ही खरंच बंद करा. शब्द निघत नाही तो माणूस भजनाची ओळ कधीकधी सरळ म्हणून जातो, तेव्हा घरचे म्हणतात की हा नाटक करतो. नाटक नाही. गाण्याला मेंदूचा दुसरा भागही मदत करतो. म्हणू द्या.

थकवा हा या आजारातला न दिसणारा भाग. आंघोळ झाली की माणूस गळून जातो आणि बाहेरचे म्हणतात, केलं काय याने? दिवसातली दोन जड कामं लागोपाठ ठेवू नका. मी सकाळी आंघोळ, मग अर्धा तास आडवी, मग कणीक, असं बसवलं आहे. थकून बसण्याआधी बसायचं.

बीपी, खर्रा आणि मे महिना

बीपीचं मशीन घरी हवंच, दंडावर पट्टा बांधायचं. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा धडक्या दंडाला आणि तो हात छातीच्या उंचीवर टेकवलेला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे त्याच वहीत मागच्या बाजूने लिहा. बहुतेकांना 130/80 च्या खाली ठेवायला सांगतात, तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. बीपी चांगलं आलं म्हणून गोळी सोडायची नाही, गोळीमुळेच ते चांगलं आहे. रक्त पातळ करायची गोळी तर दात काढायचा असला तरी आपल्या मनाने बंद करू नका, आधी फोन करा.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक चमचा. लोणचं, पापड, शेव, तर्री हे सगळं त्यातच मोजायचं. मी मेसवाली, मला माहीत आहे मीठ कुठंकुठं लपतं. भाजीत कमी करून वर लिंबू पिळा, आठ-पंधरा दिवसांत जिभेला सवय होते.

खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीचं, स्पष्टच बोलते. गटात पुरुष मंडळी येतात, व्यायामाचं सगळं ऐकतात आणि बाहेर पडताना खिशातली पुडी चोळतात. बीडी-सिगारेट नाही ना, मग काय होते, असं म्हणतात. सुपारीसोबत चघळला तरी तो तंबाखूच. धूर नसला म्हणून तो शिरांना माफ करत नाही. सोडायला मदत हवी तर 1800-11-2356 हा सरकारचा फुकट नंबर आहे. खर्रा सोडणं हेही वहीतलं काम होऊ शकतं, पण 'उद्यापासून बंद' असं नका लिहू. 'जेवणानंतरची दुपारची पुडी नाही, या आठवड्यात' असं लिहा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, बीपी पडतं, चक्कर येते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळा लागण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, पाणी किती प्यायचं तेही, कारण हृदय-किडनीचा त्रास असलेल्यांना मोजूनच प्यावं लागतं. चालणं सकाळी साडेसहाच्या आत, अंबाझरी तलावाला नाहीतर घरासमोर. कुलरसमोर अधू बाजू करून झोपू नका, गार हवेने अंग आखडतं. आणि कुलरचं पाणी सांडलेलं असतं त्या जागेवरून काठी हमखास सरकते.

गट कसा जमवायचा

एकट्याने वही चालते, पण गटात जास्त चालते. सहा ते आठ जण, प्रत्येकासोबत घरचं एक माणूस. जागा तळमजल्यावरची हवी : समाजभवन, विहार, देवळाचा हॉल, काहीही. हातांच्या खुर्च्या आणि जवळ कमोड, या दोन गोष्टी नसतील तर दुसरी जागा बघा. अडीच तास आमच्या लोकांना झेपत नाहीत, म्हणून दीड तास आणि मध्ये चहा. दिवाळीनंतर सुरू केलं की थंडीत सहा आठवडे पुरे होतात. 29 ऑक्टोबर हा जागतिक स्ट्रोक दिवस असतो, तेव्हा वस्तीत सांगत फिरायला निमित्त मिळतं.

दर बैठकीत आधी फेरी : मागच्या आठवड्याचं काम झालं का? नाही झालं तर 'का नाही केलं' असं विचारायचं नाही, 'काय आडवं आलं' असं विचारायचं आणि बाकीच्यांनी उपाय सुचवायचे. मग एक विषय, आणि शेवटी नवं काम आणि त्याचा आकडा. आमचे विषय असे : वही आणि आकडा, हात व खांदा, तोल आणि पडणं, बीपी व जेवण, मन, परत कामधंदा. हात-खांद्याच्या दिवशी फिजिओला बोलावतो. गटातल्या दोघादोघांच्या जोड्या लावायच्या, आणि मधल्या बुधवारी त्यांनी एकमेकांना फोन करायचा, दोन मिनिटं, 'कुठवर आलं?'

दोन नियम फळ्यावर पहिल्याच दिवशी लिहा. कोणी कोणाला गोळी सुचवायची नाही. आणि कबुतराचं रक्त, अमक्या गावचं तेल, तमक्या बाबांचा दोरा, या गोष्टी चहाच्या वेळी, बैठकीत नाही. पहिल्या महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त. त्याच दिवसांत तेल लावलेलं असतं, म्हणून नाव तेलाचं होतं. तीन महिन्यांनंतरही सुधारणा होते, फक्त हळू.

मनाच्या विषयाला सगळ्यात जास्त वेळ ठेवा. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि आपल्याकडे त्याला 'आळशी झाला' म्हणतात. काहींना कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं, तोही मेंदूच्या इजेचाच भाग असतो. या दिवशी घरच्यांना वीस मिनिटं वेगळ्या खोलीत बसवा. तेही थकलेले असतात आणि रुग्णासमोर बोलत नाहीत. झोप-भूक गेली, जगावंसं वाटत नाही, असं कोणी म्हणालं तर गटावर भागवू नका. डॉक्टर, आणि तोवर 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, नंबर.

आणि वहीच्या पुठ्ठ्यावर, मोठ्या अक्षरात : तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली, अचानक दिसेनासं झालं किंवा तोल गेला तर लगेच 108. कधी सुरू झालं ती वेळ लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, म्हणून स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच न्यायला सांगा. तोंडात पाणी, साखर, गोळी काही घालू नका, घशात अडकतं.

सहाव्या आठवड्यात आम्ही हॉलमध्ये बसत नाही. दुपारी गर्दी नसताना मेट्रोने सीताबर्डीला जातो, लिफ्टने वर, गाडी बदलून लोकमान्यनगरच्या बाजूला थोडं पुढे आणि परत. दाराजवळ धडक्या हाताच्या बाजूला दांडा येईल असं उभं राहायचं, हे आधी स्टेशनवरच समजावून सांगायचं. जाण्याआधी दोन जण जाऊन लिफ्ट चालू आहे का ते बघून येतात.

पुढच्या तुकडीला चालवणारे दोघं लागतात. त्यातला एक याच तुकडीतून घ्या, फार बोलणारा नसला तरी चालेल. आमच्याकडे ते काम ऑटोवाल्या काकांनी घेतलं आहे. आकडे ते फळ्यावर डाव्या हाताने लिहितात, आणि बैठकीला पाच मिनिटं उशीर झाला की मलाही सोडत नाहीत.